आडनाव नसलेली नायिका

मराठीच्या प्राध्यापिकेने फावल्या वेळात काय वाचावे, याविषयी लोकांच्या मनात काही ठाम समजुती असतात. लग्नकार्यात भेटलेले एखादे सद्गृहस्थ "सध्या काय वाचन चालू आहे?" असे विचारतात, तेव्हा त्यांना ज्ञानेश्वरी, निदान एखादे सहाशे पानी चरित्र तरी अपेक्षित असते. "एक खुनाची कादंबरी वाचते आहे," असे मी म्हटले की ते क्षणभर गोंधळतात, मग मी थट्टा करते आहे असे समजून मोठ्याने हसतात, आणि पंगत उठता उठता हळूच जवळ येऊन म्हणतात, "कशी आहे हो ती? वाचून झाली की द्या."

मराठी कादंबरीचा वाचक हा असा आहे. त्याला प्रेम आवडते, खून आवडतो, आणि या दोन्ही आवडी चारचौघांत कबूल करावयास तो तयार नसतो. आम्हा शिकविणाऱ्यांचेही तसेच. कादंबरीचा उगम आम्ही १८५७ च्या 'यमुनापर्यटना'पासून सांगतो, हरिभाऊंवर आठ तास घालवितो, नेमाड्यांवर दहा. आणि ज्या पुस्तकांनी तीन पिढ्यांना वाचनाची चटक लावली, त्यांची बोळवण 'रंजनपर साहित्य' या दोन शब्दांत करतो. मला हे कधीच पटलेले नाही. एखादे पुस्तक वाईट असेल तर ते का वाईट आहे, एवढे तरी सांगता आले पाहिजे. आणि त्यासाठी ते आधी वाचले पाहिजे.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. पारा ४४ अंशांना टेकला, की दुपारी बारापासून पाचपर्यंत घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. माठातले पाणी, कूलरची घरघर आणि हातात पुस्तक, एवढीच काय ती चैन. गेल्या मे महिन्यात या चैनीत माझ्या वीसएक कादंबऱ्या वाचून झाल्या. निम्म्या प्रेमाच्या, निम्म्या भयाच्या. काही नव्या, काही पुन्हा कपाटातून काढलेल्या जुन्या, काही हल्लीच्या रीतीप्रमाणे फोनवरच्या. घरात आणखी तीन वाचक आहेत. सासूबाई पंचाहत्तरीच्या, यजमान बँकेत, आणि लेक कनिष्ठ महाविद्यालयात. या तिघांची मते एकाही पुस्तकाविषयी जुळली नाहीत, त्यामुळे सुटी मोठ्या मजेत गेली.

यजमानांचा पक्ष अनुवादित थरारकथांचा. रवींद्र गुर्जरांनी 'पॅपिलॉन' मराठीत आणले, तेव्हापासून हा ओघ चालू आहे आणि आज पुस्तकांच्या दुकानातले एक अख्खे कपाट त्याने भरते. या पुस्तकांची कथानके घट्ट विणलेली असतात, यात संशय नाही. परंतु त्यांतली माणसे सारखी खांदे उडवितात! एका पुस्तकात मी मोजले, सतरा वेळा. आमच्याकडे कोणी खांदे उडवीत नाही. सोलापूरच्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसली, की तो नुसते "काय की!" म्हणतो, आणि साहेबाच्या दोन्ही खांद्यांचे काम त्या दोन शब्दांत होऊन जाते. अनुवादकाने इंग्रजी शब्द मराठीत आणले, पण माणूस तिकडेच राहिला. याउलट अशोक जैन यांनी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी मराठीत आणल्या आहेत, त्या वाचताना आपण अनुवाद वाचतो आहोत हे लेक विसरूनच गेली. कलकत्त्याचे घर आपल्या घरापासून फारसे दूर नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की जैनांना मराठी येत होते. हे दुसरे कारण वाटते तितके सार्वत्रिक नाही.

उसन्या भीतीची आपली परंपरा तशी जुनीच आहे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्ससाहेबांच्या कादंबऱ्यांना धोतर-पागोटे नेसवून 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवन गुहा' अशा नावांनी घरोघर पोहोचविले. पुढे बाबुराव अर्नाळकर आले. त्यांचा झुंझार, त्यांचा काळा पहाड, त्यांचे धनंजय आणि छोटू! १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांना घेऊन जवळजवळ तेवढाच पल्ला गाठला. ते २०२१ साली गेले. एका माणसाने हजार पुस्तके लिहावयाची म्हणजे ती सगळी चांगली असणे शक्यच नाही, आणि नाहीतच. मी या सुटीत अर्नाळकरांची तीन पुन्हा वाचली. त्यांतल्या दोहोंत खुनी कोण हे दहाव्या पानावर कळते. पण वाक्ये कशी धावतात पाहा! आखूड, ठसठशीत, विशेषणांवाचून. आमच्या कित्येक संशोधक विद्यार्थ्यांना मी खाजगीत ती वाचावयास सांगते.

मला स्वतःला भयकथेत खरी वाढ दिसते ती नारायण धारपांपासून. धारपांनीही उसने घेतले, आणि भरपूर घेतले. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या एका प्रसिद्ध कादंबरीवर उभी आहे. परंतु उसनी भीती कोठे ठेवावयाची, हे त्यांना कळत होते. ती त्यांनी आपल्या वाड्यात ठेवली. माजघरात, माळ्यावर, बंद असलेल्या खोलीत. अशा घरात आपले बालपण गेलेले असते, त्यामुळे पुस्तक मिटले तरी भीती मिटत नाही. २०१८ साली निघालेल्या 'तुंबाड' या चित्रपटामागेही धारपांच्या एका कथेची आठवण होती, आणि २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' मी या वर्षी वाचली. तीत भूत शोधावयास गेलेल्या वाचकाच्या हाती घराणेच लागते. वडीलधाऱ्यांनी काय काय दडपून ठेवले आहे, हीच त्या पुस्तकातली भीती. सासूबाईंनी ती साठ पानांवर सोडली. "अशी घरे मी पाहिली आहेत, पुन्हा कशाला?" असे म्हणाल्या. माझ्या मते लेखकाला मिळालेला हा मोठाच अभिप्राय आहे.

सुहास शिरवळकरांची 'समांतर' यजमान आणि लेक दोघांनीही वाचली. २०२० साली तिच्यावर निघालेली मालिका पाहून वाचली, हे खरे. कल्पना अशी, की एका माणसाच्या तळहातावरच्या रेषा दुसऱ्या एका माणसाशी तंतोतंत जुळतात, आणि त्या दुसऱ्याचा भूतकाळ हाच याचा भविष्यकाळ असतो. पुढचे पान आधीच लिहिलेले आहे आणि ते वाचावयास मिळते आहे. वाचावे की वाचू नये? रहस्यकथा वाचणाऱ्या प्रत्येकाची हीच अवस्था असते, ती शिरवळकरांनी नायकाच्या गळ्यात बांधली. मला ही युक्ती फार आवडली.

आता तक्रार. नव्या मराठी थरारकथांचे शेवट फसतात. दोनशे पाने लेखक आपल्याकडून शंका उसन्या घेत जातो, आणि फेडीची वेळ आली की इन्स्पेक्टरसाहेबांना खुर्चीवर बसवून चौदा पाने बोलावयास लावतो. यजमान यास थकीत कर्ज म्हणतात. याचे एक कारण मला असे दिसते, की फोनने आणि नाक्यानाक्यावरच्या कॅमेऱ्याने रहस्यकथाकाराचा धंदाच अवघड करून ठेवला आहे. अर्नाळकरांच्या काळी माणूस दादरला गाडीत बसला की दुसऱ्या दिवसापर्यंत बेपत्ता असू शकत होता. आज तो कोणत्या मनोऱ्याच्या टापूत होता हे पोलीस तासाभरात काढतात. म्हणून मग लेखक कथानक ३० वर्षे मागे नेतो, नाहीतर जेथे फोन लागत नाही अशा डोंगरात. मी वाचलेल्या सात नव्या रहस्यकादंबऱ्यांपैकी पाचांत वादळामुळे फोन बंद पडतो. इतकी वादळे महाराष्ट्रात होत नाहीत.

फोनचा हाच घाव प्रेमकथेवरही बसला आहे, आणि तेथे तो अधिक खोल आहे. प्रेमकथा म्हणजे दोन माणसे आणि त्यांच्यामधली भिंत. भिंत पडली की कादंबरी संपली. फडक्यांच्या वेळी ही भिंत उभारावयास एक हरवलेले पत्र पुरत असे. पत्र भलत्याच्या हाती पडावे, नायिकेने नायकाला परस्त्रीबरोबर टांग्यात पाहावे, गैरसमज व्हावा, आणि तो दूर व्हावयास शंभर पाने लागावीत. त्या शंभर पानांत फडके चांदणे, टेनिस, सतार आणि गालावरची बट असा काही थाट मांडीत, की गैरसमज दूर होऊ नये असे वाटे. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या १९२८ ते १९३१ च्या दरम्यानच्या कादंबऱ्या. त्या आज वाचताना भिंत कागदाची आहे हे कळते, पण कारागिरी अजून टवटवीत आहे. आज तोच गैरसमज एका संदेशात मिटतो. निळ्या खुणा दिसल्या की वाचले असे समजते. "बोलायचे आहे" एवढे लिहिले की झाले. तेव्हा आजच्या प्रेमकथेला भिंत खरीच लागते. ती आपल्याकडे नाही काय? आहे. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी एका खटल्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तो झाला तो एका दिवाळी अंकामुळे.

१९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही प्रेमकथा प्रसिद्ध झाली. काकोडकर हे त्या काळी हातोहात खपणारे नाव. फिर्याद झाली, कथा अश्लील आहे असे ठरले, लेखक आणि प्रकाशक यांना प्रत्येकी २५ रुपये दंड झाला आणि त्यांच्याजवळचे अंक नष्ट करण्याचा हुकूम निघाला. २५ रुपये भरून मोकळे होता आले असते. काकोडकर मोकळे झाले नाहीत. उच्च न्यायालयाच्या या निकालाविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये, कथा छापल्यापासून जवळजवळ सात वर्षांनी, निर्दोष सुटले. न्यायालयाने म्हटले त्याचा भावार्थ असा, की स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेख झाला म्हणून पुस्तक अश्लील ठरवावयाचे तर धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकताच येणार नाही. ही कथा कदाचित फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाची शैली अपक्व आणि नीरस असेल, पण तिच्यामुळे कोणाचे मन बिघडेल असे दिसत नाही. लेखकाची अब्रू वाचविता वाचविता न्यायालयाने समीक्षाही उरकून घेतली! आणि गंमत पाहा, त्याच १९६९ सालच्या डिसेंबरात राज खोसला यांचा 'दो रास्ते' पडद्यावर आला. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारा हा चित्रपट लोकांनी आजी-आजोबांसह सहकुटुंब पाहिला. त्याची मूळ कथा होती 'नीलांबरी', आणि लेखक तेच, चंद्रकांत काकोडकर.

सासूबाईंनी कॉलेजात असताना काकोडकर वाचले होते, अर्थात क्रमिक पुस्तकाच्या आड धरून. मी विचारले, "काय होते हो त्यांत?" त्या म्हणाल्या, "काही नव्हते ग. पण आहे असे सगळे म्हणत, म्हणून वाचले."

मला या खटल्यात नवल वाटते ते याचे, की एवढी सात वर्षे भांडण झाले ते शरीराच्या वर्णनावरून. नायक-नायिका कोण, कोणत्या घरातली, त्यांचे लग्न होऊ शकले असते काय, हा प्रश्न प्रेमकथेला विचारावयाचा आपल्याकडे रिवाजच नव्हता. अपवाद होते. मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहून शिकलेल्या मुलींच्या मनातले बाहेर काढले, आणि ही विभावरी कोण याचा साऱ्या महाराष्ट्राने तपास केला. पुढच्या वर्षीच्या 'हिंदोळ्यावर'मध्ये नवऱ्यापासून तुटलेली बाई प्रेम आणि मूल दोन्ही मागते. मालतीबाई पुढे आमच्या सोलापुरात होत्या, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीवर नोकरीला. तारेच्या कुंपणात माणसे कोंडणारा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांची 'बळी' प्रसिद्ध झाली होती. ती प्रेमकथा म्हणून कोणी वाचीत नाही, वाचू नये. पण भिंत कोठे असते हे ज्यांनी पाहिले अशा कादंबरीकारांत त्या बसतात.

व. पु. काळ्यांची 'पार्टनर' लेकीला आवडेल असे मला वाटले नव्हते. तिने ती दोन दिवसांत संपविली. तीत भिंत अगदी खरी आहे, विटांची: मुंबईतली अपुरी जागा, आई, भाऊ-भावजय, आणि त्यात नवे लग्न. वपुंची सुभाषिते मला आता खुपतात, दर तिसऱ्या पानावर कोणी तरी भिंतीवर टांगण्याजोगे बोलते. पण दोघांना बसावयास एक खोली मिळत नाही ही अडचण त्यांनी प्रेमकथेच्या मध्यभागी आणून ठेवली, आणि चाळीत वाढलेल्या वाचकाला ती चंद्रापेक्षा जवळची वाटली. शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ सालची. २०१३ साली चित्रपट आला तेव्हापासून आमच्या कॉलेजातली मुले ती वाचतात, आणि पुस्तक व चित्रपट यांच्या शेवटांवरून माझ्या तासाला भांडतातही. तीतला श्रेयस तळवलकर आणि दिग्या पाटील एका कट्ट्यावर बसतात. कट्ट्यावर आडनावे वेगवेगळी चालतात, एवढे तरी शिरवळकरांनी नोंदविले.

आडनावाचा मुद्दा माझा नव्हे. तो माझ्या वर्गातल्या एका मुलीचा.

आमच्या शहराचा पूर्व भाग हा यंत्रमागांचा आणि विड्या वळणाऱ्या बायांचा. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी असा तेथल्या मुलांचा त्रिस्थळी प्रवास असतो. ही मुलगी तिकडली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिचे मराठी लेखन माझ्या शहरी विद्यार्थ्यांपेक्षा सरस होते. कोठे शिकलीस म्हणून विचारले, तर म्हणाली, काकांकडे पेटीभर रहस्यकथा होत्या, त्या वाचून. आता ती फोनवरच्या प्रेमकथा वाचते. तुमच्यापैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांना सांगते: वाचकांनीच लिहावयाची आणि वाचकांनीच वाचावयाची, अशी 'प्रतिलिपि'सारखी ठिकाणे फोनवर आहेत, तेथे मराठीत शेकडो बायका कादंबऱ्या लिहितात, दर आठवड्याला एक भाग. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशःच दिली. मी या सुटीत अशा सहा मालिका वाचल्या. नायक बहुधा कंपनीचा मालक, कोपिष्ट आणि आतून हळवा. नायिका गरीब, मानी, एकटीच्या बळावर घर चालविणारी. काही कारणाने एक वर्षाच्या कराराचे लग्न होते आणि करार संपण्याच्या सुमारास प्रेम जडते. लिहिणाऱ्या बऱ्याचजणी गृहिणी आहेत, हे त्यांच्या लिहिण्यावरूनच कळते. नायकाच्या मोटारीचे वर्णन ढोबळ असते, पण सकाळी डबे भरण्याची धांदल इतकी अचूक असते, की तसे पान मी मान्यवर कादंबरीकारांत क्वचितच पाहिले आहे.

त्या मुलीने तासाला हात वर केला आणि विचारले, "मॅडम, या गोष्टींतल्या मुलामुलींना आडनावे का नसतात?"

मी घरी येऊन सहाही मालिका चाळल्या. चारांत नायिकेला आडनाव नव्हते. आर्या, सई, मीरा, नुसतीच. नायकाचे होते, पण कसे? राजवाडे, सरंजामे असे, कोणत्याही शिरगणतीत न बसणारे भव्य. महाराष्ट्रात आडनाव कळले की पुढचे प्रश्न कळतात, म्हणून लेखिका ते सांगतच नाही. नायिका कोणत्याही वाचकाला आपल्यासारखी वाटावी, हा त्यामागचा व्यवहार मला समजतो. फडक्यांच्या पात्रांची आडनावे बहुधा एकाच आळीत राहणारी असत, त्यापेक्षा हे बरे, असेही कोणी म्हणेल. पण ज्या मुली या गोष्टी वाचतात त्यांना आडनावे आहेत. विशीच्या आत-बाहेर त्यांना प्रेमाचा अनुभव येतो, आणि तो येतो तेव्हा घरात पहिला प्रश्न आडनावाचा निघतो. शंभर भाग वाचूनही त्या प्रसंगी काय बोलावे, काय सोसावे, कोठे थांबावे याचा एक शब्द त्यांच्या कानावर पडलेला नसतो. माझ्या वर्गातून अशा प्रसंगानंतर एकाएकी दिसेनाशा झालेल्या मुली मला ठाऊक आहेत. एकीचे पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

आणि हे सोलापुरात व्हावे याचे मला विशेष वाटते. आमच्या गावाची यात्राच एका लग्नाची आहे. सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी लग्न करण्याची इच्छा धरली. ते योगी, म्हणून त्यांनी आपला योगदंड तिला वर म्हणून दिला, अशी कथा आहे. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर हे लग्न लागते, नंदीध्वजांवर अक्षता पडतात आणि सारे शहर वऱ्हाडी होते. त्या वधूला आम्ही कुंभारकन्याच म्हणतो. ती कोण हे आठ शतके कोणी लपविलेले नाही. याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून, जेऊरहून, नागराज मंजुळे आले आणि २०१६ साली त्यांनी 'सैराट' केला. अर्चना पाटील आणि प्रशांत काळे. दोघांनाही आडनावे आहेत आणि सगळी गोष्ट त्या दोन आडनावांची आहे. मराठी चित्रपटाने त्यापूर्वी पाहिली नव्हती एवढी गर्दी त्याला झाली. म्हणजे वाचकाला, प्रेक्षकाला खरी भिंत नको असते ही समजूत खोटी. शिवाय त्याचा शेवट पाहा. प्रेमकथा म्हणून बसलेले लोक थरारकथेतून बाहेर पडले. आपल्याकडे या दोन प्रकारांमधले अंतर वाटते तेवढे नाही, आणि आमचे कादंबरीकार मात्र एक वाड्यात शिरला आहे आणि दुसरी मोटारीत.

त्या मुलीच्या काकांची पेटी पाहावी म्हणून मी विचारले. घर बदलताना ती रद्दीत गेली होती. मग शहरातल्या एका वाचनालयात जुन्या रहस्यकथांची चौकशी केली. तेथेही तेच. "पाने सुटली होती, मॅडम. काढून टाकली." हलक्या कागदावर छापलेली ती पुस्तके शेकडो हातांतून गेली, घडीघडीला फाटली आणि वाचून वाचून संपली. त्याच कपाटात ४० वर्षांपूर्वीचे काही प्रबंध अगदी कोरे करकरीत आहेत. शेवटी एका रद्दीवाल्याकडे मला तीन अर्नाळकर आणि एक गुरुनाथ नाईक मिळाले, वजनावर. चारांपैकी एकाचे शेवटचे पान नाही. खुनी कोण यावर यजमानांचे आणि माझे अद्याप एकमत झालेले नाही.

सहा मालिकांपैकी एक मी अजून वाचते आहे. लिहिणारी कोण, कोठली, काही कळत नाही, टोपणनावाने लिहिते. तिच्या ११२ व्या भागात नायकाची आजी नायिकेच्या घरी प्रथमच येते. पाणी होते, चहा होतो. आजी भिंतीवरच्या तसबिरी पाहते आणि नायिकेच्या वडिलांना अगदी गोड आवाजात विचारते, "आपण मूळचे कुठले?" तेथे भाग संपला. एरवी गुरुवारी पुढचा भाग येतो. गेले दोन गुरुवार आलेला नाही. सासूबाई, ज्यांना फोनवरचे वाचन मुळीच पसंत नाही, रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी मला विचारतात, "आला का ग?"